सध्या तुमचा पंतप्रधान कोण?

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून नाशिकला फोन लावला की तब्येतीच्या चौकशीआधी काकांचा प्रश्न यायचा, "काय गं, सध्या तुमचा पंतप्रधान कोण?" आणि पाठोपाठ खो खो हसू. त्यांचं ऐकून आता तुम्हीही सगळे विचारायला लागलात, म्हणून एकदाच सांगून टाकते.

हसण्यासारखं होतंच म्हणा. जून २०१० मध्ये लेबर पक्षाचे पंतप्रधान केविन रड यांना त्यांच्याच पक्षातल्या ज्युलिया गिलार्डनी घालवलं. तीन वर्षांनी रडनी ५७ विरुद्ध ४५ मतांनी उट्टं काढलं. मग निवडणूक जिंकून आलेल्या लिबरल पक्षाच्या टोनी ॲबटना २०१५ मध्ये त्यांच्याच पक्षातल्या माल्कम टर्नबुलनी ५४-४४ असं हरवलं. टर्नबुलही २०१८ च्या ऑगस्टात गेले. मंगळवारी ४८-३५ ने वाचले, शुक्रवारी स्कॉट मॉरिसन पंतप्रधान! चार वेळा माणूस बदलला, मतदाराला एकदाही कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मोदी इथल्या संसदेत बोलले तेव्हा यजमान ॲबट होते. दहा महिन्यांत ते खुर्चीवरून उतरले, तेव्हा काकांना वाटलं, देशच डळमळला. लांबून चेहरेच दिसतात, त्यामुळे तसं वाटणारच. खरा खेळ एका बंद खोलीत चालतो. सत्ताधारी पक्षाचे खासदार जमतात, नेतेपद रिकामं झाल्याचं ठरवतात आणि गुप्त मतदान करतात. याला इथे 'स्पिल' म्हणतात, शब्दशः सांडणं. बहुमत त्याच पक्षाकडे राहतं, म्हणून सरकार पडत नाही. पक्ष फोडावा लागत नाही, म्हणून कुणाला हॉटेलात नेऊन ठेवावंही लागत नाही.

पुढे दोन्ही पक्षांनी दारं आवळली. लेबर पक्षात आता पदावरच्या पंतप्रधानाला आव्हान द्यायला पंचाहत्तर टक्के खासदारांच्या सह्या लागतात, लिबरल पक्षात निवडणूक जिंकलेल्याला काढायला दोन तृतीयांश मतं. तेव्हापासून मधेच कुणी पंतप्रधान गेला नाही. मला मात्र (काकांना सांगू नका) जुनी पद्धत तितकी वाईट वाटत नव्हती. नेता नको झाला तर त्याच्याच माणसांनी मतं मोजून तासाभरात सांगायचं, यात एक रोखठोकपणा होता.

जून २०२२ मध्ये मात्र माझीच पाळी आली. ऑफिसात डबा उघडत होते, तर शेजारच्याने मोबाईल पुढे केला. "मुंबईचं सरकार आहे ना हे? मग तुमचे आमदार आसामच्या हॉटेलात काय करतायत?"

मी सुरू केलं. आधी सुरत, मग गुवाहाटी. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. दोन तृतीयांश आमदार. विलीनीकरण. गटनेता कोण, प्रतोद कोणाचा. दहा मिनिटं झाली, माझी पोळी गार झाली.

तो थेट काकांसारखाच हसला.