चौदा वर्षांनी सुटतोच ना?

फौजदारी वकील आहे म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच : "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी मोकळा. त्यापेक्षा फाशीच बरी नाही का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या मते नाही.

आधी त्या चौदा वर्षांचं बघू. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेच्या अर्जावर सांगून टाकलंय. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही, एवढाच कायद्याचा अर्थ. त्यानंतर सोडलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय २००८ पासून न्यायालयं 'तीस वर्षं माफी नाही' (माफी म्हणजे सरकारने उरलेली शिक्षा सोडून देणं), 'मरेपर्यंत माफी नाही' अशाही शिक्षा देऊ लागली, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता फाशी का नको, ते भोकरदनच्या खटल्यावरून बघा. जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या या भागात दरोडा पडला, एका कुटुंबावरच्या हल्ल्यात पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी ठोठावली. आणि २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं! हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंमधून भलतेच चौघे ओळखले होते; त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मागाहूनच ठरलं. भरपाई माणशी पाच लाख. सोळा वर्षांनी भागा, वर्षाला ३१,२५० रुपये पडतात. पण निदान ती घ्यायला सहा जण जिवंत होते. २००९ नंतर दोरखंड लगेच ओढला असता, तर 'न्याय झाला' म्हणून आपण पेढे वाटले असते.

"तुमच्या घरचं कुणी असतं तर?" असतं तर मीही फाशीच मागितली असती. म्हणून तर अशा वेळी निकाल माझ्या हातात देत नाहीत.

तुमचा राग मात्र खोटा नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुजरात सरकारने २००२ च्या दंगलीतल्या सामूहिक बलात्काराच्या आणि खुनांच्या बिल्किस बानो प्रकरणातले जन्मठेपेचे अकरा कैदी सोडले. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे माफीचा अधिकार गुजरातचा नव्हताच, असं म्हणत जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात धाडलं. सुटका व्हायची ती अशी, सरकारी फायलीतून होते. माफीचा प्रत्येक आदेश कारणांसकट जाहीर व्हावा आणि पीडितेच्या घरच्यांना आधी कळवला जावा, यासाठी मोर्चा काढणार असाल तर मला जरूर बोलवा.