तुम्ही विचारलंत म्हणून: जुना रेडिओ प्लग लावून बघू का?

"माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ सापडलाय. वायर बरी दिसतेय. प्लग लावून बघू का?" हा प्रश्न मला सतत येतो. सोबत फोटो असतो: लाकडी पेटी, पिवळी पडलेली डायल, मागे कापडी वेणीची वायर लोंबतेय.

नका लावू. निदान आज तरी नको. आणि रेडिओ उघडण्याआधी भिंतीकडे बघा. हे ऐकून विचारणारा थोडा हिरमुसतो, कारण त्याला व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) तपासायचे असतात, डायलची दोरी बसवायची असते. पण त्या रेडिओचं निम्मं सर्किट तुमच्या घराच्या वायरिंगमध्ये आहे, आणि ते मी अंगावर घेऊन शिकलोय.

काही बिघडलंच तर एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, रेडिओ वाचवेल, हा गैरसमज आधी काढून टाकू. व्हॉल्व्हचा रेडिओ चाळीस-पन्नास वॉट खातो, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 0.2 अँपिअर. सॉकेटमागचा एमसीबी असतो 6, 10 किंवा 16 अँपिअरचा. रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आतून शॉर्ट होऊन दोन अँपिअर ओढू लागला, आतलं मेण वितळून टपकलं, खोलीभर धूर झाला, तरी एमसीबी हलणार नाही. तो भिंतीतल्या वायरी वाचवायला बसवलेला आहे. रेडिओ वाचवायचा तर फ्यूज रेडिओतच हवा, फेजच्या वायरीत, अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा. जुन्या कित्येक सेटमध्ये तो मुळातच नसतो.

आता अंगावर घेऊन शिकलो ती गोष्ट सांगतो. काही जुन्या रेडिओंमध्ये मेन्सचा, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेचा, ट्रान्सफॉर्मरच नसतो. 1930 आणि 40च्या दशकांत अनेक शहरांच्या काही भागांत घरोघरी डीसी वीज मिळायची, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून एसी-डीसी सेट निघाले. ते स्वस्त आणि हलके पडत, त्यामुळे डीसी गेल्यावरही बनत राहिले. त्यांत सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) एकामागोमाग एक, दिव्यांच्या माळेसारखे जोडलेले असतात. यूसीएच 42 या व्हॉल्व्हला 14 व्होल्ट, यूएएफ 42ला 12.6, यूबीसी 41ला 14, यूएल 41ला 45, यूवाय 41ला 31. बेरीज 116.6 व्होल्ट. उरलेले शंभरावर व्होल्ट एक जाडजूड रेझिस्टन्स तापून खाऊन टाकतो. आणि भिंतीतून आलेल्या दोन वायरींपैकी एक थेट चॅसिसला जोडलेली असते. चॅसिस म्हणजे आतला उघडा पत्रा.

असा एक सेट माझ्या टेबलावर होता. प्लगची दिशा मी तपासली होती, न्यूट्रल चॅसिसवर येत होता. रेडिओ चालू असताना टेस्टर पत्र्याला लावला तर पेटला नाही. मी निश्चिंत झालो. काम संपल्यावर रेडिओ त्याच्याच बटणाने बंद केला आणि आवाजाचा नॉब नीट बसवायला घेतला. नॉबच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात पितळेचा स्क्रू. कारखान्यातून निघताना ते भोक मेणाने बुजवलेलं असायचं. माझ्या सेटचं मेण कधीच गळून गेलं होतं. बोट स्क्रूवर आणि दुसरा हात लोखंडी टेबलाच्या पायाला. झटका कोपरापर्यंत गेला. बंद रेडिओचा!

नंतर सर्किट कागदावर काढलं तेव्हा उमगलं. सेटचा स्विच चॅसिसकडच्या, म्हणजे न्यूट्रलच्या वायरीत होता. तो उघडला की पत्र्याचा न्यूट्रलशी संबंध तुटतो, पण फेज हीटरच्या माळेतून तसाच खाली पत्र्यापर्यंत येऊन थांबतो. चालू असताना निर्धोक असलेला रेडिओ बंद केल्यावर जिवंत होतो. मी पुन्हा टेस्टर लावला: चालू, अंधार. बंद, लालभडक.

आता हेच घराच्या वायरिंगला लावून बघा. सॉकेटमध्ये किंवा वाटेतल्या एखाद्या जोडात न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला, तरी नेमकं हेच होतं. रेडिओ बंद पडतो, तुम्हाला वाटतं लाइट गेली, तुम्ही मागे हात घालता, आणि फेज पत्र्यावर तुमची वाट बघत असतो. म्हणून सॉकेट उघडून तिन्ही जोड घट्ट आहेत का, फेज-न्यूट्रल उलटे तर नाहीत ना, अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचतंय का, हे आधी जाणत्या वायरमनकडून बघून घ्या. टेस्टर एवढंच सांगतो की फेज आहे. न्यूट्रल तुटलाय हे त्याला कळत नाही.

"मग तीन पिनांचा प्लग लावून पत्रा अर्थ करतो," असं लगेच कुणीतरी म्हणतं. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला जरूर करा. एसी-डीसी सेटला कधीही नाही: दिशा उलटी असेल तर फेज सरळ अर्थला शॉर्ट होईल, आणि सुलटी असली तरी परतीचा करंट अर्थमध्ये वाटला जाऊन आरसीसीबी पडत राहील. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट ताडून बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडतो. तो असायलाच हवा. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर फरकच पडत नाही, तेव्हा तो गप्प बसतो.

एसी-डीसी सेटवर काम करायचं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन्सपासून वेगळी गुंडाळी असलेला ट्रान्सफॉर्मर, घ्या. शे-दोनशे व्हीए क्षमतेचा पुरतो. त्याच्या पुढच्या बाजूला फेज-न्यूट्रल असं काही उरत नाही, त्यामुळे एका ठिकाणी हात लागला तर जमिनीमार्गे वाट सापडत नाही. दोन ठिकाणी लागला तर झटका बसतोच, आणि तिथे भिंतीतला आरसीसीबी मदतीला येत नाही. व्हेरिअ‍ॅक, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, त्याला आयसोलेशन समजू नका. त्यात एकच गुंडाळी असते आणि मेन्स सरळ पलीकडे पोचते.

टेबलासाठी वेगळा बोर्ड करा, दोन्ही वायरी एकदम तोडणारा मोठा स्विच त्यावर बसवा, आणि तो घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. त्याच बोर्डावर एक सॉकेट सिरीज बल्बचं, म्हणजे रेडिओचा करंट आधी बल्बातून जाईल असं. माझ्या लेखी या छंदातलं हे सगळ्यात उपयोगाचं हत्यार आहे. बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स पेटत्या तारेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असतो. त्यामुळे रेडिओ नीट असेल तर बल्ब बराचसा बाजूला राहतो, आणि शॉर्ट असेल तर स्वतः पेटून करंट अडवतो.

जुने कागदी कंडेन्सर (कपॅसिटर) आणि फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलल्यावर, मेन्सवरचा कंडेन्सर सेफ्टी जातीचाच, म्हणजे मेन्सवर लावायलाच बनवलेला, घालून, पहिल्यांदा या सॉकेटला रेडिओ लावा. बल्ब क्षणभर भगभगतो, मग नारिंगी होत विझत जातो. आतले हीटर हळूहळू लाल होतात. अर्ध्या मिनिटाने स्पीकरमधून बारीक घुमघुम येते. बल्ब मंद राहिला तर पुढचं काम सुरू करा. तो पुन्हा उजळू लागला तर मोठा स्विच पाडा, प्लग उपसा, फिल्टर कंडेन्सरवर मीटर धरून आकडा शून्याजवळ येईपर्यंत थांबा, आणि मगच आत हात घाला.