केशवराव भोसले नाट्यगृह : मूळ म्हणजे कोणते मूळ?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. या योगायोगावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्या आगीत काय गेले आणि काय उरले हा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पुनर्बांधणीचे खरे प्रश्न त्यातूनच निघतात.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला जाऊन आले. तिथली नाट्यगृहे आणि आखाडे पाहून आपल्या संस्थानातही तशा वास्तू असाव्यात असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगितले जाते. १९१३ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १९१५ मध्ये पूर्ण झाले आणि त्याला पॅलेस थिएटर हे नाव मिळाले. पाठीला पाठ लावून खासबागचे कुस्तीचे मैदान आहे. नाटक आणि कुस्ती यांना एकाच आवारात, सारख्याच इतमामाने जागा देणारा दुसरा राजा मला तरी ठाऊक नाही. केशवरावांचे नाव या वास्तूला १९५७ मध्ये दिले गेले. १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढणारा आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभा राहिलेला हा गायकनट त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात नटाच्या गळ्याइतकाच भरवसा वास्तूवर ठेवावा लागे, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे.

आगीत लाकडी रंगमंच, छत आणि आतली सजावट गेली. दगडी बांधकामाचा बराच भाग उभा राहिला. शासनाने निधी जाहीर केला आणि नाट्यगृह पूर्वीसारखेच उभारण्याचे आश्वासन दिले. पण पूर्वीसारखे म्हणजे कधीसारखे? शंभर वर्षांत इथे अनेक डागडुज्या व नूतनीकरणे झाली, म्हणजे आगीच्या आदल्या दिवशीचे नाट्यगृहही १९१५ चे नव्हते. दर्शनी भाग जुन्या छायाचित्रांवरून हुबेहूब उभारता येतो, आणि लोकांचे समाधानही त्यानेच होते. नाट्यगृहाचे नाट्यगृहपण मात्र जे जळाले त्यात होते. प्रेक्षागृहातला निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावरही मागे घुमत राहणारा नाद, किती काळ टिकतो हे आतल्या हवेचे घनफळ आणि पृष्ठभागांची ध्वनी शोषून घेण्याची क्षमता यांवर ठरते. छत चार फूट खाली आणले, भिंतींवर जाड गादीकाम केले, की घनफळ घटते, शोषण वाढते आणि निनाद आखूड होतो. गद्य नाटकाला ते एक वेळ चालेल, कारण शब्द स्पष्ट कळण्यासाठी निनाद आखूडच लागतो. नाट्यपदाची तान मात्र कोरडी पडते. संगीत नाटकाला या दोहोंमधला तोल लागतो आणि तो आराखड्याच्या टप्प्यावरच साधावा लागतो. नंतर महागडी यंत्रणा बसवून तो परत मिळत नाही.

दुसरीकडे, निव्वळ जुन्याच्या हट्टापायी उघडे लाकूड पुन्हा वापरावे असे मी म्हणणार नाही. छताचा सांगाडा पोलादी असावा, त्यालाही अग्निरोधक लेप असावा, रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आगीत खाली उतरणारा संरक्षक पडदा असावा. रंगमंचाची फळी तेवढी लाकडीच हवी, कारण लावणीची पावले काँक्रीटवर वाजत नाहीत. तापलेल्या दगडाला तडे जातात आणि दगडांच्या सांध्यांत भरलेली चुन्याची दर्ज भुसभुशीत होते, म्हणून उभी राहिलेली प्रत्येक भिंत तपासूनच तिच्यावर नवा भार द्यायला हवा. आणि जिथे मूळ दर्ज चुन्याची आहे तिथे सिमेंट भरणे टाळायला हवे, कारण ते ओल आत कोंडते आणि दगडालाच इजा करते.

काम पुरे झाल्यावर उद्घाटनाच्या भाषणांआधी एक चाचणी व्हावी असे मला वाटते. ध्वनिक्षेपक बंद ठेवून एखाद्या गायकनटाने रंगमंचावरून एक पद म्हणावे, आणि ठेकेदार, वास्तुविशारद व अधिकारी यांनी ते शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. आधी रिकाम्या प्रेक्षागृहात, मग भरलेल्या, कारण माणसांच्या अंगावरचे कपडेही ध्वनी शोषून घेतात.