शेवटचा झेल आणि रात्रीची लोकल

2 नोव्हेंबर 2025, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. भाचीला घेऊन चिपळूणहून नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेलो होतो. परतीचं आरक्षण त्याच रात्रीच्या तुतारीचं. ही गाडी दादरहून 12.05ला सुटते आणि पनवेलला सव्वाच्या आसपास येते. सामना दुपारी तीनचा, म्हणजे रात्री जेवूनसुद्धा गाडी मिळाली असती. पण पाऊस आला आणि पहिला चेंडू पडेपर्यंत पाच वाजले.

शफालीच्या 87 धावा, दीप्तीचं अर्धशतक आणि मग पाच बळी, समोरून दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टचं शतक. हे सगळं डोळ्यांनी पाहिलं! हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र झाली होती. "मामा, कप उचलताना तरी बघू या ना," भाची म्हणाली. तिचा हात धरून बाहेर पडलो. त्याचं वाईट अजून वाटतं.

नेरुळ स्टेशनकडे माणसांचा लोंढा चालला होता. त्यात मुली किती होत्या! निळ्या जर्सीतल्या, गालावर तिरंगा रंगवलेल्या. त्यांच्या आया, आज्या, खांद्यावर झोपलेली पोरं. बाईमाणसाला रात्री बारानंतर घरी कसं पोचायचं, याचं उत्तर असेल तरच घरचे तिला सामन्याला पाठवतात. म्हणून अशा रात्री जादा गाडी लागतेच.

गणपतीत जादा गाड्या म्हणजे काय ते आम्हा कोकणातल्यांना कुणी सांगायला नको. आमच्याकडे रोहा ते वीर सोडलं तर बहुतेक मार्ग एकेरी, त्यामुळे एक गाडी वाढली की दुसरी क्रॉसिंगला ताटकळते. नेरुळ ज्यावर आहे त्या हार्बर मार्गाची गोष्ट वेगळी. दुहेरी मार्ग, त्यावर फक्त लोकल, आणि सानपाड्याची कारशेड जवळच. अडचण येते ती रात्रीची. मोटरमन आणि गार्डच्या ड्युटीचे तास ठरलेले असतात आणि शेवटच्या लोकलनंतर रूळ, ओव्हरहेड वायरची कामं निघतात. ती कामं करणाऱ्यांनाही मोजकेच तास मिळतात, हे विसरून चालणार नाही.

मेट्रोला हे जरा सोपं जातं. अहमदाबादेत मोटेरा स्टेडियमला सामना असला की मेट्रो रात्री उशिरापर्यंत धावते. आयपीएलच्या रात्री दिल्लीतही वेळ वाढवतात. नवी मुंबईची मेट्रो मात्र अजून बेलापूर ते पेंधरच धावते. ती स्टेडियमकडे येत नाही, त्यामुळे इथे सगळी भिस्त लोकलवर.

माझ्या मते जादा गाडीची वेळ घड्याळावर ठरवूच नये. पाऊस येतो, सुपर ओव्हर होते. दोन रिकाम्या लोकल तयार ठेवाव्यात, शेवटच्या चेंडूनंतर अर्ध्या तासाने एक वाशीच्या दिशेने, एक पनवेलकडे सोडावी, आणि हे स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर सामना चालू असतानाच दाखवावं. लोक मग धावत सुटणार नाहीत. कप उचललेलाही बघतील.

आम्हाला पनवेलची लोकल मिळाली. दारात उभ्या मुली बेलापूरपर्यंत "इंडिया, इंडिया" ओरडत होत्या, आणि भाचीने तोवर मोबाइलवर कप उचलल्याचा व्हिडिओ शोधून काढला होता.