केसपेपरवरचं एक वाक्य
“लिहा, गाडीवरून घसरून पडला.” ठाण्यात आज कॅज्युअल्टीत एक नातेवाईक डॉक्टरांना सांगत होते. खरं तर घोडबंदर रोडवर टेम्पोने मागून उडवलं होतं. पोलिसांची कटकट नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण हेच वाक्य पुढे भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील आधी काढतो. मग टेम्पो होता हे सिद्ध करत बसा.

धडक देणाऱ्या गाडीचा नंबर सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला लावा, एफआयआर आणि पंचनाम्याच्या प्रती घ्या. औषधांची मूळ बिलं जपा, किरकोळसुद्धा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार भरपाईच्या अर्जाला ६ महिन्यांची मुदत आहे. तो राहत्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो.

गांगरलेल्या घरच्यांना हे तिथेच कोणी सांगायला नको का?