काट्याच्या अणीवर

वारीत वाल्ह्याच्या मुक्कामी माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. समाज आरती नुकतीच आटोपली होती. तळावर चोपदारांनी चोब उंच केली की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात, आणि त्या शांततेत हरवल्या-सापडल्याचं पुकारलं जातं. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची चुकामूक झालेली म्हातारी. ते ऐकून मी लंगडत राहुटीत आले. शेजारच्या आक्कांनी न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, बटव्यातून सुई काढली आणि कंदिलाशी वाकून काटा उकरता उकरता गुणगुणायला लागल्या,

काट्याच्या अणीवर वसले तीन गाव । दोन ओसाड एक वसेचिना ॥

पलीकडच्या दोघीतिघींनी पुढची ओळ उचलली. जे गाव वसेचिना तिथे आले तीन कुंभार, दोन थोटे, एकाला घडेचिना. ज्याला घडेचिना त्याने घडवली तीन मडकी, दोन कच्ची, एक भाजेचिना. जे भाजेचिना त्यात रांधले तीन मूग, दोन हिरवे, एक शिजेचिना. प्रत्येक ओळ मागच्या ओळीचं शेपूट धरून पुढे सरकते. ज्ञानदेवांच्या नावावरचं हे कूट मी गेली एकोणीस वर्षं महाविद्यालयात शिकवते आहे. फळ्यावर तीन रकाने आखायचे, शब्द, वाच्यार्थ, गूढार्थ, आणि तासाभरात कोडं सोडवून मोकळं व्हायचं. कुणाच्या तोंडून, कुणाच्या हातात पाय देऊन, ते मी त्या रात्रीपर्यंत ऐकलं नव्हतं.

ही माझी पहिली वारी. सासूबाई बावीस वर्षं याच दिंडीतून चालल्या. यंदा त्यांचे गुडघे चालेनात, तेव्हा त्यांनी त्यांचे टाळ माझ्या हातात दिले. आक्का त्यांच्या मैत्रीण, चिकोडीकडच्या. घरी कानडी बोलतात, दिंडीत मराठी अभंग म्हणतात आणि दोन्हींच्या मधलं काहीतरी आमच्याशी बोलतात.

कूट पुढे गेलं तसं मी सावध झाले. पाहुणे रुसले, जेवेचिनात, इथपर्यंत माझ्या ओळखीचं होतं. मग आलं, "जेवेचिना त्याला दिले तीन रुपये, दोन खोटे एक चालेचिना." माझ्यातली मास्तरीण उठून बसली. ज्ञानेश्वरी झाली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. रुपया नावाचं नाणं शेरशाह सूरीने पाडलं ते सोळाव्या शतकात. तेव्हा हे कडवं ज्ञानदेवांच्या काळचं असूच शकत नाही. हे मी तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं. बायका गप्प झाल्या. आक्कांनी काटा बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि टाचेला हळद दाबली.

वीणेकरी बुवा बाहेर टेकले होते. त्यांनी ऐकलं असावं. सकाळी नीरेच्या वाटेवर ते माझ्या शेजारून चालायला लागले.

"माऊली, नाथबाबांची ती ओवी येते ना तुम्हाला? नरोटीची?"

येत होती. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, त्यात कुणी आपल्या ओव्याही घातल्या होत्या. नाथांनी त्या काढल्या आणि शेवटी बजावलं, 'ज्ञानेश्वरीपाठीं जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली ॥' अमृताच्या ताटात नारळाची करवंटी.

"ज्ञानेश्वरीत कुणी अक्षर हलवलं तर मी त्या पंगतीला बसायचो नाही," बुवा म्हणाले. "पण हे कूट पोथीत बसून राहिलेलं नाही. दळणाशी, काटा काढताना, पोराला झोपवताना म्हटलं गेलंय. खोटं नाणं ज्या बाईच्या पदरात पडलं तिने ते गाण्यात टाकलं. तुमचं म्हणणं बरोबरच आहे, ते कडवं नंतरचं. पण नंतरचं म्हणजे वाईट नव्हे."

मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, अजूनही नाही. कुठला शब्द कधीचा हे कळलंच पाहिजे, नाहीतर आपण कुणाचं ऐकतोय हेच कळत नाही. पण आदल्या रात्री मी ते ज्या वेळी बोलले ती वेळ चुकली होती. दुपारच्या विसाव्याला मी आक्कांकडून ते रुपयाचं कडवं वहीत उतरवून घेतलं. त्यापुढचंही होतं. तीन पारखी आले, दोन आंधळे, एकाला दिसेचिना.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पालखी लोणंदच्या वाटेला लागली. लोणंदला आमच्या दिंडीत रात्री प्रवचन झालं. विषय बुवांनी मुद्दाम तोच घेतला. काट्याची अणी म्हणजे ब्रह्माच्या ठायी उठलेलं पहिलं स्फुरण, 'मी आहे' एवढंच, टोकावर मावेल इतकं. तीन गाव म्हणजे तीन गुण. तीन कुंभार ते ब्रह्मा, विष्णू, महेश. तीन मडकी म्हणजे स्थूल, सूक्ष्म, कारण हे देह. तीन मूग म्हणजे संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही तीन प्रकारची कर्मं, आणि ज्ञान झाल्यावर ते शिजत नाहीत, म्हणजे फळत नाहीत. सांगण्याची पद्धत फार गोड होती. माझ्या फळ्यावरही साधारण हेच असायचं.

तरी पडल्या पडल्या मनात येत राहिलं की आपल्याकडे तीनाच्या याद्या इतक्या आहेत की कोणतीही कुठेही बसेल. गुण तीन, लोक तीन, काळ तीन, अवस्था तीन. किल्ली प्रत्येक कुलपात फिरत असेल तर कुलूप उघडलं असं कसं म्हणायचं? आणि मग चालीवर पुन्हा म्हणताना शेवटची ओळ कानाला लागली. 'ज्ञानदेव म्हणे यांचा तो अनुभव । सद्‌गुरूवाचून कळेचिना ॥' वसेचिना, घडेचिना, भाजेचिना, शिजेचिना, जेवेचिना, आणि कळेचिना. एकच प्रत्यय, एकच ठेका. ऐकणाऱ्याचं न कळणं हेसुद्धा त्याच माळेतलं शेवटचं मडकं आहे. गाणाऱ्याने अर्थ लावणाऱ्यालाही कोड्याच्या आत घेतलं आहे, आणि बाहेर यायला फट ठेवली ती एकाच शब्दात, 'वाचून'. एकोणीस वर्षांत हे मला दिसलं नव्हतं, कारण शेवटची ओळ मी 'नाममुद्रा' म्हणून रकान्याबाहेर ठेवत आले. तंबूत अंधारात मी उठून बसले. सगळ्या झोपल्या होत्या, सांगायला कुणी नव्हतं.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. रिंगणाचं वर्णन मी करत नाही, ते पुष्कळांनी केलं आहे. एवढंच सांगते की माऊलींचा अश्व धावत गेला तेव्हा आक्का माझा दंड धरून ओरडल्या, "आमच्या अंकलीचा!" सोहळ्याचे अश्व दरवर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून आळंदीला चालत येतात. कर्नाटकातून निघाल्याशिवाय ही वारी सुरूच होत नाही, हा आक्कांचा अभिमान, आणि त्यात खोटं काही नाही.

फलटणच्या अलीकडे पावसाने झोडपलं. प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेऊन चालताना बायकांनी मुक्ताईचं कूट धरलं. 'मुंगी उडाली आकाशीं । तिणें गिळिलें सूर्यासी ॥ थोर नवलाव झाला । वांझे पुत्र प्रसवला ॥' मला या अभंगाबद्दल फार बोलावंसं वाटतं. ही भावंडं नाथपंथातली, निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश. नाथांकडे साधनेच्या दोन वाटा सांगतात. एक पिपीलिका मार्ग, मुंगीसारखं झाडाच्या बुंध्याने कणाकणाने वर चढायचं. दुसरा विहंगम मार्ग, पाखरासारखं थेट फळावर. मुक्ताईची मुंगी उडते. दोन्ही वाटा तिने एका किड्यात घातल्या. हे कळल्यावर ओळ संपत नाही, उलट जास्त भरते. माझ्या लेखी अर्थाची परीक्षा हीच. अर्थ कळल्यावर पुन्हा गाण्याकडे यावंसं वाटलं तर तो अर्थ कामाचा, आणि गाण्याची गरजच उरली नाही तर काहीतरी चुकलं.

अशी उलटी भाषा एकट्या मुक्ताईची नाही. बंगालच्या बाजूच्या बौद्ध सिद्धांची चर्यागीतं हरप्रसाद शास्त्रींना 1907 साली नेपाळात सापडली, 1916 मध्ये ती छापली गेली. त्यातल्या एका गीतात बैल व्यालाय आणि गाय वांझ आहे. मुक्ताईच्या किती आधीचं ते! त्या भाषेला नाव काय द्यायचं यावरच विद्वानांचा वाद झाला. कुणी म्हणाले संध्याभाषा, सांजवेळेसारखी अर्धी उजळ अर्धी काळोखी. विधुशेखर शास्त्री म्हणाले, शब्द 'संधा' आहे, मनात हेतू धरून बोललेली. एक अक्षर इकडचं तिकडे, आणि अंधुकपणाच्या जागी निश्चय येतो. कबीराच्या उलटबांसीतही हेच पाणी आहे. पण त्या सगळ्यांत मला कुठे न सापडलेली एक गोष्ट मुक्ताईत आहे. 'माशी व्याली घार झाली । देखोनि मुक्ताई हांसली ॥' कोडं घालणारी शेवटी स्वतःच हसते. परंपरेने सांगितलेलं तिचं सारं आयुष्य अठरा वर्षांचं. पावसात नव्वद-शंभर बायका 'हांसली' म्हणताना खरोखर हसत होत्या, आणि मला इतकं भरून आलं की टाळ चुकला.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर हे मुक्काम पायांच्या नादात गेले. भंडीशेगावच्या वाटेवर आक्कांनी 'कानडाऊ विठ्ठलु' काढला. या 'कानडा' शब्दावर किती शाई गेली आहे! कर्नाटकातला, असा सरळ अर्थ. कळायला अवघड, असा दुसरा. इतिहास पहिल्याच्या बाजूला उभा आहे. कानडी लेखांत पंढरपूरचं नाव 'पंडरगे' असं येतं, आणि होयसळ राजा सोमेश्वराचा 1237 सालचा शिलालेख पंढरपुरातच आहे. तरी पुढच्याच कडव्यात 'शब्देंविण संवादु' आहे, म्हणून दुसरा अर्थही सोडवत नाही. मी आक्कांना हे सांगायला लागले तर त्यांना त्यात काही अडचणच दिसली नाही. त्यांची अडचण वेगळी होती.

"ते 'क्षेम देऊं गेलें' म्हंजे काय वो? खुशाली विचारायला गेली, न्हवं?"

तीस-पस्तीस वर्षं त्या ते तसंच समजून गात आल्या होत्या. मी म्हटलं, नाही आक्का, जुन्या मराठीत क्षेम देणं म्हणजे मिठी मारणं. ज्ञानेश्वरीत 'खेंव' येतं तेच. म्हणून आधी 'स्फुरताती बाहो' आहे, हात शिवशिवतायत.

आक्का रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागची बाई येऊन धडकली. त्यांनी ओळ पुन्हा सावकाश म्हटली, 'क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली । आसावला जीव राहो ॥', आणि माझ्याकडे बघितलं.

"मिठी मारायला गेली, आणि तितं तिच्याबिगर कुणीच न्हाई?"

"हो."

"मग त्यो कुटं गेला?"

वर्गात मी सांगितलं असतं, अद्वैत. देव आणि भक्त वेगळे उरले नाहीत, कवेत घ्यायला दुसरा कोणी शिल्लकच नाही. ते बरोबरही आहे. पण मग जीव 'आसावला' का? आस उरली असेल तर ती मिठी रिकामीच गेली म्हणायची. दोन्ही अर्थ त्याच शब्दांतून निघतात आणि एकमेकांना मिटवत नाहीत. मी आक्कांना दोन्ही सांगितले. त्या वाखरीपर्यंत फारसं बोलल्या नाहीत. त्यांची इतक्या वर्षांची खुशाली मी काढून घेतली की काय, असं मला वाटत राहिलं.

पंढरपुरात आषाढीला पायांवर डोकं ठेवायला मिळणं आमच्यासारख्यांना अवघडच. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीशी नमस्कार आणि कळसाचं दर्शन. मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख मी एकदा एरवीच्या दिवसांत पाहिला होता. 1273 ते 1277 या काळात देवाला कुणी काय दिलं त्याची ती नोंद. लोक मात्र त्याला पाठ घासत आले, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकेल म्हणून. पूर्वी त्या झिजलेल्या अक्षरांसाठी मी हळहळले होते. या वेळी गर्दीत उभी असताना आठवलं की दान देणाऱ्यांनाही बहुधा तेच हवं होतं.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला. सगळे उराउरी भेटत होते. आक्कांनी मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. त्यांच्या खांद्याला बुक्क्याचा आणि ओल्या लुगड्याचा वास येत होता.

"क्षेम," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. मग तशाच धरून हळू आवाजात त्यांनी ओळ सुरू केली, 'क्षेम देऊं गेलें तंव', आणि तिथेच थांबल्या. चिकोडीची गाडी लागली होती. त्यांनी वळकटी उचलली, सासूबाईंसाठी तुळशीची माळ माझ्या मुठीत कोंबली आणि गाडीच्या दिशेने गेल्या.