मूकपटाची चाल

सकाळी साडेदहाला तालमीसाठी पडदा उजळला, राणी दिवा घेऊन अंतःपुरातून बाहेर आली आणि मागच्या रांगेत खुर्च्या पुसणारी दोन मुलं फिस्सकन हसली. त्यांचा काही दोष नव्हता. राणी चालत नव्हती, दुडदुडत होती. हातातला दिवा ती भर उन्हात मिरवत होती. आणि दृश्यांमधली मजकुराची पाटी वाचायला घ्यावी तोवर ती गेलेलीसुद्धा. खेळ संध्याकाळी साडेसहाचा. हातात आठ तास.

पडद्यावर होती एका पौराणिक मूकपटाची उरलेली दोन रिळं. नायट्रेटवरची, म्हणजे त्या काळच्या चटकन पेटणाऱ्या फिल्मवरची ३५ मिमी प्रिंट, पहिलं रीळ ८७० फूट, दुसरं ६१०. नावाची पाटी नाही, मधली रिळं नाहीत. भारतात मूकपटाच्या जमान्यात सुमारे तेराशे चित्रपट झाले आणि त्यातले तुटके-फुटके धरूनही जेमतेम तीसेक उरले, हे लक्षात घेतलं की १४८० फुटांचं मोल कळतं. असा तुकडा शंभर वर्षांनी लोकांसमोर नेताना लोक नको तिथे हसले, तर चूक चित्रपटाची नसते, दाखवणाऱ्यांची असते. हे मी अगदी मनापासून मानतो.

प्रिंट प्रोजेक्टरवर चढवायचा प्रश्नच नव्हता. फिल्म आकसली की नाही हे तिच्या कडेच्या शंभर भोकांचं अंतर मोजून कळतं. नव्या फिल्मवर ते ४७५ मिमी असतं, आमच्या पहिल्या रिळात ४६९.६ भरलं. म्हणजे १.१ टक्क्याहून जास्त आकुंचन. अशी फिल्म प्रोजेक्टरच्या दातेरी चाकांवर घातली तर दात भोकात बसत नाहीत आणि कडा फाटत जातात. शिवाय नायट्रेट पेटलं तर विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, पाण्याखालीही ते जळत राहतं. म्हणून दातेरी चाकं नसलेल्या स्कॅनरवर फ्रेम न् फ्रेम टिपून घेतली होती. एकूण २३,६८० फ्रेम. स्कॅन उत्तम होता. घोटाळा झाला तो त्याची डीसीपी, म्हणजे सभागृहात दाखवायची डिजिटल प्रत, बनवताना. बनवणाऱ्याने त्या फ्रेम सरळ सेकंदाला २४ या वेगाने लावून टाकल्या.

२४ हा आकडा बोलपटाचा. आवाज फिल्मवर छापला गेला की वेग पक्का ठेवावाच लागतो, नाहीतर गाणाऱ्याचा सूर चढतो-उतरतो. मूकपटाला ती सक्ती नव्हती. फाळक्यांनी इंग्लंडहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यापासून पुढची कित्येक वर्षं दांडा हातानेच फिरवायचा. एका फेऱ्यात ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६. हात थोडा जलद पडला की १८, दमला की १५. आमच्या १४८० फुटांचा हिशोब असा: २४ ला साडेसोळा मिनिटं, १८ ला बावीस, १६ ला पावणेपंचवीस. त्याच फिल्ममध्ये आठ मिनिटांचा फरक! फ्रान्सच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयातून मिळालेल्या ‘बिल्वमंगल’च्या (१९१९) ५९४ मीटर तुकड्याचंही गणित मांडून पाहा. १८ च्या वेगाने सुमारे २९ मिनिटं, २४ ने बावीससुद्धा नाहीत. म्हणून एखादा मूकपट ‘इतक्या मिनिटांचा’ आहे असं कुणी नुसतं सांगितलं, तर आधी विचारावं, कुठल्या वेगाने?

मग आमचा वेग कुठला? पहिली कसोटी पडणाऱ्या वस्तूची. दुसऱ्या रिळात दासीच्या कमरेवरची कळशी निसटते. मीटरभर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, ते काही युगायुगांत बदललेलं नाही. कळशी सुटल्यापासून टेकेपर्यंत फ्रेम मोजल्या, आठ भरल्या. म्हणजे १८ च्या आसपास. पण एक फ्रेम इकडची तिकडे झाली तरी उत्तर दोनाने हलतं, त्यामुळे या कसोटीने १६ ते २० एवढाच पट्टा मिळतो. पावलांवरून मोजलं तरी तेच. सावकाश चालणारा माणूस सेकंदाला दोनच्या आत-बाहेर पावलं टाकतो, पण राणी सावकाश चालतेय की लगबगीने, हे आपणच ठरवलेलं असतं.

अडलेलं काम सोडवलं संध्याकाळी साथीला बसणाऱ्या, तबल्यावरच्या काकांनी. पहिल्या रिळात दरबारातलं नृत्य आहे. ते सतत आपल्या गुडघ्यावर बोटं आपटत होते आणि दर वेळी मान हलवत होते. शेवटी म्हणाले, “अहो, ही बाई तीनतालात नाचतेय. समेवर उजवा पाय आपटते, बघा. पण एवढ्या लयीत हे अंग कुणी करत नाही, हात-पाय तुटतील.” आम्ही नृत्य फ्रेमवार लावलं. काकांनी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवायची, आम्ही फ्रेमचा नंबर लिहायचा. चार आवर्तनं निघाली: १४३, १४४, १४६, १४४ फ्रेम. हा दोन-तीन फ्रेमचा फरक कॅमेऱ्यावरच्या हाताचा. सोळा मात्रांना १४४ फ्रेम धरल्या तर २४ च्या वेगाने मिनिटाला १६० मात्रा होतात, १६ ने १०७, आणि १८ ने बरोबर १२०. काकांनी १२० ची लय धरून ठेका वाजवला, आम्ही १८ वर चित्र सोडलं. तिचा पाय आणि त्यांचा बायाँ एकत्र पडला. पुढची सम, पुन्हा एकत्र. काका थांबले नाहीत, वाजवता वाजवताच म्हणाले, “घ्या, चाल सापडली.” शंभर वर्षांपूर्वी त्या सेटवर, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कुणीतरी तबला घेऊन बसलेलं होतं. तो माणूस फिल्मवर नाही, पण त्याची लय आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा कॅमेऱ्याचा वेग झाला, प्रोजेक्टरचा नव्हे. तेव्हाचे ऑपरेटर बरेचदा चित्रीकरणापेक्षा थोडं जलद चालवत, कधी प्रसंग पाहून, कधी दिवसात एक खेळ जास्त बसावा म्हणून. त्यामुळे २० म्हणणारा माणूसही चूक नाही. आम्ही २० लावून पाहिलं. रथाचा पाठलाग झकास दिसला, पण राणीच्या विलापात तिचा ऊर नुसता धपापायला लागला. विलाप हाच या तुकड्याचा जीव आहे. १८ ठरलं.

आता दिव्याचं. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी आणि मंद उजेडात निकामी, त्यामुळे रात्र उन्हातच चित्रित करत आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवत. प्रेक्षक निळं दिसलं की रात्र समजे. आमच्या फाईलमध्ये ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात सगळा रंग काढून टाकला होता, म्हणून राणी दुपारी दिवा घेऊन हिंडत होती. मूळ रंगीत स्कॅन उघडून भोकांजवळची, चित्र नसलेली कड पाहिली. तीसुद्धा निळी होती. कड रंगीत असेल तर सगळ्या थरावर रंग चढवलेला असतो. कड बिनरंगी आणि फक्त चित्रातले काळे भाग रंगलेले असतील तर रासायनिक टोनिंग. दोन्हींची पुनर्निर्मिती वेगळी करावी लागते. आपल्याकडे पहिला प्रकार निघाला, काम सोपं झालं. कडेवरून निळा उचलला, अंतःपुराच्या आतल्या दृश्यांचा पिवळसर उचलला आणि साफ केलेल्या फ्रेमवर प्रसंगवार सपाट चढवला. कड जिथे विटली होती तिथला रंग घेतला नाही.

पाट्या तीन ठिकाणी अवघ्या सहा-सहा फ्रेमच्या उरल्या होत्या. म्हणजे १८ च्या वेगानेही सेकंदाचा तिसरा हिस्सा. एकच फ्रेम गोठवून लांबवली तर चालत नाही. फिल्मचे दाणे थिजतात आणि पाटी चित्रातून वेगळी पडते. सहा फ्रेम पुढे-मागे, एक ते सहा आणि सहा ते एक, अशा फिरवल्या की फिल्मचा थरथराट जिवंत राहतो. लांबी किती? हिंदी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर मोठ्याने, न अडखळता एकदा वाचून पाहिला. आठ सेकंद. म्हणजे प्रत्येकी १४४ फ्रेम. ही भर आम्ही घातली आहे हे सुरुवातीच्या पाटीवर लिहिलं. ते न लिहिणं म्हणजे फसवणूकच.

एकूण फ्रेम झाल्या २४,०९४. सभागृहाचा डीसीपी चालवणारा सर्व्हर १८.१८ हा जुन्या चित्रपटांसाठीचा प्रमाणित वेग घेईना, तेव्हा जुनाच उपाय: दर तिसरी फ्रेम दोनदा. तीनाच्या चार होतात, १८ चे २४. दोन फ्रेमचं मिश्रण करून मधली बनवायचा पर्याय सॉफ्टवेअर देतं, पण त्यात हलणाऱ्या हाताला दोन-दोन हात फुटतात. ते नकोच. ३२,१२५ फ्रेमची डीसीपी बांधायला मशीनने पंचावन्न मिनिटं घेतली आणि पाच वाजता ती सर्व्हरवर चढली. चढल्यावर दिसलं की राणीचा मुकुट कापला जातोय. ऑपरेटरने सवयीने पडदा भरणारं सेटिंग लावलं होतं. मूकपटाची चौकट १.३३ ची, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३३ पट, दोन्ही बाजूंना काळं राहणारच. कडेला पडदे ओढून घेतले.

साडेसहाला पेटी, तबला आणि व्हायोलिन. वादकांच्या दिव्यांना कागदी झडपा लावल्या, नाहीतर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग पडतो. मूकपटाच्या काळी ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी पडद्याशेजारी उभा राहून एक जण पाट्या वाचून दाखवत असे. आम्ही एका ताईंना पहिल्या दोनच पाट्या वाचायला सांगितलं होतं. तिसरी पाटी आली तेव्हा त्या गप्प राहिल्या आणि लहान मुलांनी ती मोठ्याने वाचली. चौथी अर्ध्या सभागृहाने.

राणी निळ्या अंधारात दिवा घेऊन आली. पेटीवर फक्त एक सूर धरलेला. खुर्च्या पुसणारी ती दोन मुलं आता पहिल्या रांगेत होती, आणि गप्प होती.

एक खोट राहिली. रथाच्या पाठलागात कॅमेरा आडवा फिरतो, तिथे दुहेरी फ्रेममुळे झाडं ठेचकाळत जातात. शेवटच्या रांगेतूनही ते दिसलं. पुढच्या खेळाला १८.१८ घेणारा सर्व्हर आहे का, हे महिनाभर आधी विचारायचं, असं टिपून ठेवलं. डब्यातल्या तपासणी-पत्रिकेवर वेगाचा रकाना कोराच होता. शिसपेन्सिलीने त्यात लिहिलं: १८, नृत्य तीनताल, आवर्तन १४४ फ्रेम.